अलीनाच्या फॉर्मवरचं नाव

नाझनीन भाभी,

मी लातूरला ड्युटीवर परत चालले आहे. रजा रद्द केली. अलीनाला ऑपरेशनसाठी नांदेडला तुम्हीच न्या. सकाळी सहानंतर तिला पाणीसुद्धा देऊ नका. जुना आणि नवा, दोन्ही एक्सरे फाइलमध्ये आहेत. ती शुद्धीवर आली की बोटं हलवायला सांगा आणि मला कळवा.

तिचा हात मोडला तेव्हा काढलेल्या जुन्या एक्सरेत कोपर आलेलंच नाही. मी फिजिक्स शिकलेली, तरी जे फोटोत नाही त्याचा विचार केला नाही. प्लास्टर निघाल्यावर दुआ मागताना तिचा उजवा तळवा वर होत नव्हता, तर मी तीन महिने तिला आळशी म्हणून रागावत राहिले. तुम्ही लग्न होऊन आलात आणि आठव्या दिवशी भाईजानला म्हणालात, "हिचा हात वळतच न्हाई, दाखवू या." कोपरातलं हाड जागेवरून सरकलेलं निघालं. तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला तुमचा राग आला.

तिची अम्मी गेल्यापासून चार वर्षं तिला मी वाढवलं. काल तिला विचारलं, दवाखान्यात सोबत कोण हवं? म्हणाली, "फुप्पी, तू लई प्रश्न विचारते. छोटी अम्मी नुसता हात धरते."

फॉर्मवर सोबतच्या नातेवाईकाच्या जागी माझं नाव होतं. ते खोडून तुमचं लिहिलं आहे. नात्याचा रकाना मात्र रिकामा आहे. तिथे 'आई' तुम्हीच लिहा. माझ्याकडून अजून लिहिलं जात नाही.

सुमय्या