दारात चेंगरलेली वायर

लालबाग, मंगळवार

चि. कुशाबास आक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून सांगितलंय आणि तू गच्चीवर कबुतरं हाकलायला जातोस, असं ऐकलं. (कौसल्येने सांगितलं. बायको तुझी असली तरी चहाड्या माझ्याकडे करते.) शीव ते लालबाग एवढ्याशा वाटेला पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, कानाचं मशीन तू कपाटात ठेवतोस आणि फोनवर मला ओरडायला लावतोस. मागच्या खेपेला तर बाजूच्या फ्लॅटवाल्या बाईने बेल वाजवून भांडण चाललंय का म्हणून विचारलं. टॉवरमध्ये राहायला आल्यापासून तिने वाजवलेली ती पहिलीच बेल, म्हणून मी तिला चहाला बस म्हटलं. बसली नाही.

तर आता माझं रामायण ऐक. गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले आणि दुपारभर तिथेच बसून राहिले, तेव्हा हितेंद्रने कॅनडातून हुकूम सोडून आमच्या हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला. मला काही झालं तर त्याला तिकडे कळावं, एवढ्यासाठी. तो चालतो इंटरनेटवर, आणि इंटरनेट येतं बाहेरच्या पॅसेजमधून एका पांढऱ्या वायरीने. आधी मला त्या कॅमेऱ्याचा भारी राग यायचा. मेला सारखा टक लावून बघतो! केस विंचरायचीसुद्धा चोरी. एकदा त्याच्यावर टॉवेल टाकला, तर पंधरा मिनिटांत लेकाचा फोन, आई टॉवेल काढ. मग मात्र सवय झाली. खरं सांगू, भाजी निवडायला मी मुद्दाम त्याच्यासमोर बसायला लागले. जुडी चांगली मिळाली तर वर धरून दाखवायचीसुद्धा. (हसू नकोस. तू कबुतरांशी बोलतोस.)

आणि एक दिवस इंटरनेटच्या बॉक्सवरचा हिरवा दिवा लाल झाला. कंपनीला फोन लावला. आधी एक दाबा, दोन दाबा, मग बराच वेळ पेटी वाजली, मग एक मुलगी आली. आवाज गोड, पण माणूस कमी आणि पोपट जास्त. बॉक्स बंद करून चालू करा म्हणाली. केला. वायर काढून परत लावा म्हणाली. मी काढली ती फ्रीजची निघाली. (दूध नासलं ते संध्याकाळी कळलं.) मग खरी वायर काढली तर तिच्या टोकाची प्लॅस्टिकची चिमटी माझ्या हातात आली. टक आवाज येईपर्यंत आत ढकला, म्हणते! चिमटीच तुटल्यावर टक कुठून येणार? मी गजऱ्याच्या दोऱ्याने वायर बॉक्सला घट्ट बांधली. दिवा लालच. शेवटी तिने तक्रार घेतली आणि आणखी काही मदत हवी का विचारलं. मी म्हटलं, हो, जेवलीस का गं? तिने फोन ठेवला.

माणूस यायला आठवडा उलटला. निलेश म्हणून पन्नाशीचा गृहस्थ, घामाघूम, मोबाईल सतत कानाला. त्याने माझा दोरा बघितला, कपाळाला हात लावला, नवी चिमटी बसवली, तरी दिवा लाल. मग वायर चाचपत चाचपत दारापर्यंत गेला आणि मला हाक मारली. सोसायटीने भिंतीला भोक पाडू दिलं नव्हतं ना, म्हणून वायर उंबऱ्यावरून आत घेतली होती, आणि दाराने ती चेंगरून चपटी करून टाकली होती. इतके महिने कशी टिकली, असं त्याने विचारलं. अरे बाबा, टिकणारच! आमच्या चाळीत दिवसा दार लावायचं म्हणजे घरात कुणी गेलं किंवा नवराबायकोचं वाजलं, एवढाच अर्थ. इथेही मी वरवंटा लावून दार उघडंच ठेवत होते, रात्री तेवढं नुसतं टेकवायचे. कोण डोकावणार होतं म्हणा, पण डोकावलं तर दार बंद नको. मग सोसायटीची चिठ्ठी आली की दारं बंद ठेवावीत, पॅसेजची शोभा जाते. मी मुकाट्याने लावलं. त्याच दिवशी दिवा लाल झाला.

निलेशने दाराच्या वरच्या फटीतून नवी वायर टाकली. दिवा हिरवा झाला. जाताना म्हणाला, आजी, कॅमेरा बंद पडला की मुलाच्या मोबाईलवर लगेच कळतं, त्यांनी नाही का सांगितलं? मी म्हटलं, सांगितलं ना.

कुशाबा, नाही रे सांगितलं. मध्ये रविवारी त्याचा फोन आला होता. वायर चेंगरून तेव्हा पाच-सहा दिवस झाले होते. मी सांगणारच होते, तेवढ्यात तोच म्हणाला, आई, ऑफिसला जाताना रोज बघतो तुला, मस्त दिसतेस. मी विचारलं, कालची हिरवी साडी कशी दिसत होती? छान होती म्हणाला. शनिवारी मी दिवसभर भोकं पडलेल्या गाऊनमध्ये होते. फोन ठेवला आणि खूप रडले. वाईट वाटलं रे, फार वाईट वाटलं.

असो. बाकी मजेत. कौसल्येला आशीर्वाद, कबुतरांना शिव्या.

तुझी,
आक्का

ता. क. हितेंद्रला यातलं काही बोलायचं नाही. पोर चांगलं आहे. कामात असतो.

ता. क. दुसरा. इंटरनेटचं पुराण तुझं मन रमावं म्हणून लिहिलं. काम वेगळंच आहे. रोज सकाळी चहा घेण्याआधी मला एक मिस्ड कॉल दे. बोलायचं काही नाही, म्हणजे तुझ्या कानाचा प्रश्न नाही. दोन रिंगांत मी फोन कापीन. कापला की तू चहा घे. ज्या दिवशी कापला नाही, त्या दिवशी गुडघ्याचं कौतुक न करता टॅक्सी कर आणि ये. पाकीट जड लागलं असेल. आत माझ्या घराची किल्ली आहे.