वेढ्यातल्या म्हाताऱ्यांचा शिधा

माझ्या नातीने, निधीने, माझ्या खेळातल्या म्हाताऱ्या मला न विचारता काढून टाकल्या. बाकीचं सगळं नंतर. आधी हे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगितलं तर या घरात "हो आजी" म्हणतात आणि गाडीची किल्ली शोधायला लागतात.

आता रीतसर. मी शरयू जगन्नाथ ढवळे, राहणार रेडमंड, अमेरिका, मुलगा यतीन याच्या घरी, शिक्षण चौथी, वय पंचाहत्तरच्या पुढे. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी माझ्या हाताने लिहिते आहे. कोणी धाक घातलेला नाही. धाक घालायला दिवसा घरी कोणीतरी असावं लागतं.

१. घर माझं नाही, तेव्हा ते वाटायचा प्रश्न नाही. बँकेत असेल ते यतीनने घ्यावं. पाटल्या सून सुवर्णाला. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही. सरळही दिलं नाही म्हणा, पण पाटल्या तिच्याच हाताला बसतात. नणंद नंदा हिला काही नाही. माझा लग्नातला शालू एका दिवसासाठी म्हणून नेला, तो तिला लखलाभ.

२. मोठी कात्री आणि सुरी नात निधी हिला. खेळाचा पट मी यांनीच कापला.

३. आता तो खेळ. हा एकट्याने खेळायचा लढाईचा खेळ आहे. दोघांचा केला असता, पण दुसरं माणूस संध्याकाळी येतं आणि जेवून लॅपटॉप उघडतं. बाहेर पाऊस, गाडी मला येत नाही, बस लांब. म्हणून फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर किल्ला काढला. बटणं म्हणजे शिपाई, चिंचोके म्हणजे म्हाताऱ्या. किल्ल्याला वेढा पडलाय, आपण आतले. शत्रूची चाल कवड्या टाकून ठरते, म्हणून समोर कोणी लागत नाही. आपल्या हातात एकच काम, कोठीतलं धान्य रोज कोणाला किती द्यायचं. मदतीची फौज येईपर्यंत टिकलात तर जिंकलात. आमचे हे लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. लढाई कोठीत हरतात, हे जन्मभर ऐकून कान किटले होते, ते इथे कामाला आलं.

निधीने खेळ इंग्रजीत करून कंप्युटरवर, कोणीही छापून घ्यावा असा, फुकट ठेवला. तिकडे टेक्ससमधल्या शुगर लँडचा कोणी डॉक्टर छापून खेळला, त्याने पटाचा फोटो पाठवला. मला बरं वाटलं, नाही म्हणत नाही. मग लोकांना युक्ती सापडली. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यांचा शिधा बंद केला की किल्ला हमखास वाचतो. सगळे तसंच खेळायला लागले.

निधी म्हणाली, "आजी, इट्स ब्रोकन. त्यांना काहीतरी पॉवर दे, नाहीतर काढून टाक."

मी म्हटलं, "किल्ल्यात म्हाताऱ्या असतात."

"बट व्हॉट डू दे डू?"

"असतात."

मी करून पाहिलं. त्यांना जखमींच्या पट्ट्या बांधायला लावलं. लोक खूश. पण ज्या दिवशी जखमी नाहीत, त्या दिवशी पुन्हा शिधा बंद! उपयोग असेल तरच भाकरी, असा नियम मला माझ्या हाताने लिहायचा नव्हता. खोडला. शिधा तोडायलाच बंदी करावी, तर मग तो वेढा कसला? महिनाभर पट पुढ्यात घेऊन बसले, काही सुचलं नाही. तेवढ्यात निधीने त्या काढल्याच. नवा खेळ छान चालतो म्हणे. कुठल्या कुठल्या घरी गेलाय, मी कुणाकुणाच्या दारात जाऊन परत आणू? मला कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तर कोणीतरी न्यावं लागतं.

४. यतीन आणि सुवर्णा यांनी मला एक जागा दाखवली. स्वच्छ आहे. रात्रीचं जेवण पाचला, खिडकीतून पार्किंग दिसतं. यतीन म्हणाला, "आई, तिथे चोवीस तास कोणीतरी तुझ्याजवळ असेल."

"कोण, तू?"

"मी वीकेंडला येईन ना गं."

कागद इंग्रजीत होते. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. जानेवारीत जायचं आहे. पट तिथल्या टेबलावर मावत नाही, म्हणून मरायची वाट न बघता आत्ताच देते. पट, बटणं आणि कवड्या निधीला. चिंचोके तिला नकोत.

५. चिंचोके चैत्रालीला. ही मुलगी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकते, नात्यातली नाही. जुना खेळ म्हाताऱ्यांसकट खेळणारी माझ्या माहितीत ही एकटीच. सुवर्णाकडून नंबर घेऊन दर रविवारी फोन करते.

"आजी, आज परत हरले यार."

मला यार म्हणते.

"शिधा दिलास?"

"दिला ना सगळ्यांना. फौज यायच्या आदल्या दिवशी कोठी संपली. आजी, खरं सांगा, त्यांना द्यायचा कशाला? बंद केला की मी जिंकतेय."

भाजी लागतेय सांगून फोन ठेवला. शेगडीवर काही नव्हतं. यतीन तिथेच बसला होता. फोन स्पीकरवर होता, त्याने सगळं ऐकलं. मान वर केली, परत खाली घातली.

एवढंच माझ्याजवळ आहे. शेजारचे अतुल आणि लतिका यांच्यासमोर सही करते. दोघांना यातलं काही मिळणार नाही, चहा मिळाला.

स्थळ: रेडमंड, वॉशिंग्टन
तारीख: ८ डिसेंबर २००७
सही: शरयू जगन्नाथ ढवळे
साक्षीदार: १. अतुल साने २. लतिका साने

अतुल म्हणतो, सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत. नाही धरलं तर नाही. उद्या रविवार. चैत्रालीचा फोन येईल आणि ती तेच विचारेल. फोन सुवर्णाने घ्यायचा नाही, निधीने घ्यायचा नाही. म्हाताऱ्यांना शिधा कशाला द्यायचा, ते तिला यतीनने सांगायचं.