मी गाळलेलं वाक्य

२३ मे, गुरुवार

"बिनरेघेचं कोणीच निघालं नाही बघ! आपली गावं चांगली आहेत चारू!" — किती खूश होती सुनयना आज.

दुपारी भर उन्हात लॅपटॉप घेऊन आली. नकाशा रंगीत करून हवा होता. तिच्या महिला गटाने तलमडुगूकडच्या गावांत एकटी राहणारी म्हातारी माणसं लिहून घेतली आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न — अडचण आली तर कोणाला हाक माराल? जो नाव सांगेल त्याच्यापासून त्या नावापर्यंत एक रेघ. पारा पंचेचाळीसवर गेलाय. ज्याला हाक मारायला कोणीच नाही त्याच्या दाराशी गटातली बाई रोज दोनदा जाणार, "माय, आहे का घरात?" म्हणणार, आतून ओ आली की पुढच्या दारी. पाणी, ताक, लागलं तर दवाखाना. साधी गोष्ट, पण माणूस वाचतो.

फॉर्म दोनशे बारा. संगणकात माणसं दोनशे एक.

सुनयनाने माझ्यासमोरच सपनाला फोन लावला. सपना तलमडुगूची, दोन लेकरांची आई. फॉर्म तिने भरून घेतले. "अकराचा घोळ केलास तू." "ताई, मी तं दोनदा मोजले! बाराच होते." "बरं, जाऊ दे आता."

मी मूग गिळून बसले. तेव्हा नक्की माहीत नव्हतं असं लिहू का? माहीत होतं!

सुनयना वापरते त्या मोफत प्रोग्रॅमच्या मदत-पानांपैकी, फाईल कशी लिहायची, कशी वाचायची, ते सांगणारं पान माझंच आहे. ग्राफ म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच — माणूस हा ठिपका, हाक ही रेघ. पण साध्या यादीच्या फाईलमध्ये फक्त रेघा उतरतात. एका ओळीत दोन नावं, या टोकाचं आणि त्या टोकाचं. ज्या ठिपक्याला रेघच नाही, त्याची ओळच होत नाही. फाईल पुन्हा उघडली की तो गायब. जुन्या पानावर तसा इशारा होता. लांबलचक, वेडंवाकडं वाक्य. सप्टेंबरात पान 'सुधारायला' घेतलं तेव्हा मी ते गाळलं. हे तर कोणालाही कळेल, म्हटलं. पान कसं सुटसुटीत हवं! उदाहरणात पाच ठिपके घेतले, पाचही जोडलेले. ते बरोबरच चालतं. सगळ्यांनी कौतुक केलं.

सुनयनाला तेच पान मी पाठवलं होतं. "जसंच्या तसं कर, डोकं लावू नको," असंही वर सांगितलं होतं.

बिनरेघेची अकरा माणसं. तीच गेली.

२४ मे, शुक्रवार

सकाळी पान उघडलं. वाक्य परत टाकलं. या वेळी नीट, मोठ्या अक्षरात — एकटे ठिपके या फाईलमध्ये जपले जात नाहीत; त्यांची यादी वेगळी ठेवा, नाहीतर दुसऱ्या प्रकारची फाईल वापरा. उदाहरणात सहावा ठिपका घातला, कोणाशीच न जोडलेला. पंधरा मिनिटांचं काम!

बदलाच्या नोंदीत कारण लिहावं लागतं. मी लिहिलं: 'किरकोळ दुरुस्ती.'

सोमवारी प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या आमच्या चमूची ऑनलाइन बैठक आहे. सगळ्या पानांची जबाबदारी माझ्याकडे द्यायचं चाललंय. तीन वर्षं फुकट राबल्यावर! जुना बदल कोणी उघडून पाहिला तर नाव माझंच दिसणार. एकदा सोमवार जाऊ दे, मग सुनयनाला सांगते.

पान सुधारल्याने तिची फाईल सुधारत नाही. हे मला कळतं. लिहून ठेवते, म्हणजे कळत नव्हतं असं पुढे म्हणता येणार नाही.

२५ मे, शनिवार

तीनदा फोन हातात घेतला. एकदा तर लागलाही, मीच कापला.

शेवटी भार्गवला सांगितलं. बाहेरून येऊन बूट काढत होता बिचारा. "सांगून टाक ना बाई एकदाचं. दोन मिनिटं लागतात." म्हटलं, सोमवार होऊ दे. "आणि तोवर त्या लोकांचं?" मी भडकलेच! तुला काय जातं बोलायला, तुला कुठे कोणाला तोंड दाखवायचंय... नवरा बरोबर बोलला की जास्त राग येतो. जेवले नाही. जसं काही चूक त्याचीच!

कूलर लावूनही घरात बसवत नाही. तिकडे पत्र्याखाली काय होत असेल. नको तो विचार.

२६ मे, रविवार

पन्हं केलं. फोन बंद करून कपाटात ठेवला.

२७ मे, सोमवार

झाली बैठक. झाले मी प्रमुख. "तुमची पानं वाचून नवखा माणूसही न चुकता काम करतो" — असं म्हणाले! मी हसून आभार मानले. लाज वाटली, खूप लाज वाटली, तरी हसले.

संध्याकाळी सपनाचा फोन. माझा नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "ताई, तुमी कंप्युटरवाल्या. जरा पाहता का? मी फॉर्म पुन्यांदा मोजले. मंग दोन गावं पायी फिरली, घरं मोजली. दोनशे बाराच आहेत. सुनयनाताई मानून नाही राह्यल्या. मले शिकता नाही आलं, पण मोजता येते ना! काऊन असं होऊन राह्यलं?"

या उन्हात. पायी. माझ्यापायी!

"उद्या बघते," म्हटलं. फोन ठेवल्यावर रडले. रडून काय होतं?

२८ मे, मंगळवार

सकाळी आठलाच सुनयनाच्या घरी. उंबऱ्यातच बोलून टाकलं, आत गेले तर पुन्हा धीर होणार नाही म्हणून. वाक्य मी गाळलं, अकरा माणसं त्यामुळे गेली, सपनाची काही चूक नाही. सुनयनाला आधी कळेचना. मग कळलं.

"म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं केलं..."

"हो."

"कधी कळलं तुला?"

"काल," मी म्हटलं.

का म्हटलं? तोंडातून निघून गेलं. गुरुवार म्हणायचं होतं. सगळं खरं सांगायला गेले आणि एवढंच एक खोटं बोलून आले.

मग बोलायला वेळ कोणाला होता! फॉर्मचा गठ्ठा जमिनीवर पसरला. ती नाव वाचायची, मी यादीत शोधायची. नसलं की बाजूला. तासाभरात अकरा फॉर्म वेगळे निघाले. अकराही जणांनी 'कोणाला हाक माराल'पुढे एकच सांगितलेलं — कोणाला नाही. सपनाचं अक्षर गोल, नीटस आहे.

सुनयनाने सपनाची फोनवर माफी मागितली, मला पलीकडचं हसणं ऐकू आलं. "असू द्या ताई. नावं सांगा, मी निघाली." सुनयना मला एका शब्दाने बोलली नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट जाताना पाणी दिलं.

२९ मे, बुधवार

नऊ दारांतून ओ आली. एक आजोबा मुधोळला भाचीकडे गेलेत. अकरावं दार कुसुमबाईंचं, त्याला कुलूप. सपना सांगत होती, "शेजारीण म्हणे, रविवारी दुपारी गेल्या. ऊन लागलं. गावानंच उचललं. शनिवारी तं ओट्यावर बसल्या होत्या, चांगल्या बोलल्या."

आत्ता सुनयनाचा मेसेज आला. "चारू, जिवाला लावून घेऊ नको. तुला सोमवारी कळलं. त्या रविवारीच गेल्या होत्या. तुझ्या हातात काहीच नव्हतं."

मी दोन हात जोडल्याचं चित्र पाठवलं.