मधल्या किमतीचं रीळ

अप्पा, तुम्ही कागदावर लिहून दिलं होतंत तसं रीळ मद्रासच्या त्या दुकानात होतं. नव्हतं असं मी तुम्हाला सांगितलं. खरं तर एवढंच सांगायचं आहे, पण एका वाक्याचं काम मी कधी एका वाक्यात केलेलं नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. हे मी देवनागरीत लिहिते आहे. तुम्हाला ही लिपी वाचता येत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं आपलं मराठी तुम्ही जन्मभर तमिळ अक्षरांत लिहिलंत आणि त्यात काही कमी आहे असं तुम्हाला कधी वाटलं नाही. मी चाळिशी उलटल्यावर पुस्तकांच्या ओढीने ती शिकले. आज घरात ती आणखी कोणालाच येत नाही. मुलांना आपली भाषा कळते, उत्तर मात्र ती तमिळमध्ये देतात. त्यामुळे हा कागद टेबलावर उघडा राहिला तरी हरकत नाही.

तुम्ही कालव्याच्या खात्यातून निवृत्त झालात त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तोवर तुमचं मासे धरणं म्हणजे पुदु आरूच्या काठावर बांबूची काठी घेऊन बसणं. त्या कालव्याच्या पाण्याची उंची मोजण्यात तुमची नोकरी गेली होती, आणि सुट्टीच्या दिवशीही तुम्ही त्याच पाण्याकडे बघत बसायचात. मरळ मिळाला तर आई चिंचेच्या कोळात त्याचं कालवण करायची, नाही मिळाला तर वांग्याचं. निवृत्तीनंतर तुमच्या मनाने समुद्र घेतला. ओरत्तनाडुवरून पट्टुक्कोट्टैला आणि तिथून दुसऱ्या बसने खाडीपर्यंत तुम्ही जाऊ लागलात, एका मासळीसाठी, कोडुवासाठी. इंग्रजी पुस्तकं तिला सी-बास म्हणतात आणि कोकणात जिताडा, हे मी पुढे वाचलं. तुम्हाला ती फक्त कोडुवा म्हणून माहीत होती, आणि खाडीच्या तोंडाशी ती कोणत्या भरतीला येते हे माहीत होतं. पण दोरी हाताने गरगर फिरवून लांब फेकायला तुमचा उजवा खांदा तयार नव्हता. म्हणून काठीला रीळ लावायचं ठरलं. मी आमच्या विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या परिषदेसाठी मद्रासला निघाले होते आणि बंदरामागच्या गल्लीत असली दुकानं आहेत असं तुम्ही कुठून तरी काढलंत.

तो कागद मला अजून शब्दाशब्दाने आठवतो. सर्वांत स्वस्त घेऊ नकोस, त्याचे दाते एका पावसाळ्यात झिजतात. सर्वांत महागही नको, त्यातले निम्मे पैसे झळाळीचे असतात, आणि खोक्यावर आत किती बेअरिंग आहेत ते छापलेलं असतं त्यावर जाऊ नकोस. मधलं घे. दांडा एका बोटाने हळू फिरवून बघ, आत वाळू असल्यासारखं लागता कामा नये. दांडा डाव्या बाजूला लावता आला पाहिजे, माझा उजवा हात काठी धरील. तारेची कमान उघडून दांडा फिरव, ती एका झटक्यात मिटली पाहिजे. आणि शेवटी, खाली रेघ मारून, ब्रेक. पुढची चकती अर्धी सैल कर आणि दोरा हाताने ओढ. आधी हळू, मग एकदम. दोरा सारखा सुटत राहिला पाहिजे. आधी अडकून मग सुटत असेल तर ते रीळ फुकट दिलं तरी नको. कोडुवा पहिल्या धावेतच दोरा तोडते.

मी तेव्हा काय होते ते तुम्हाला आठवत असेलच. देशाची दारं उघडली जात होती आणि मी विमा कार्यालयाच्या फाटकावर रोज दुपारी उभी राहून ओरडत होते की ही दारं आपण उघडत नाही आहोत, ती आपल्याकडून उघडून घेतली जात आहेत. माझं मत आजही तेच आहे. ज्या देशाला आपलं साधं यंत्र आपण बनवावंसं वाटत नाही, तो आधी यंत्र विकत घेतो, मग मत विकत घेतो, आणि शेवटी स्वतःबद्दलचं मतही बाहेरून मागवतो. हे वाक्य मी पन्नास ठिकाणी बोलले असेन. तुम्ही एकदाच ऐकायला आलात, समोरच्या पुंग झाडाखाली सायकल धरून उभे राहिलात. घरी आल्यावर मी विचारलं, कसं झालं. तुम्ही चहा संपवलात, पेला धुऊन पालथा घातलात आणि म्हणालात, "आवाज बेस लागला होता. पण तू पाच प्रश्न विचारलेस आणि पाचांचीही उत्तरं तूच दिलीस. लोक काय करायला आले होते?" आई हसली. मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

मद्रासच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ होते, आपल्याच किनाऱ्याकडचे, बोलण्यावरून कळत होतं. पूर्वी जो चोरटा परदेशी माल काउंटरखालून काढून दाखवायचे तो आता काचेच्या कपाटात ओळीने मांडला होता. मी कागद वाचत त्यांना एकेक अट सांगत गेले. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, कोडुवासाठी ना, तुमच्या अप्पांना मासा कळतो. मग त्यांनी तीन रिळं माझ्यापुढे ठेवली. एक अगदी हलकं, प्लॅस्टिकचं. एक सोनेरी, दागिन्यासारखं. आणि मधलं, काळपट, परदेशी, काही दिमाख नसलेलं. मी मधलं उचललं. एका बोटाने दांडा फिरवला आणि आत काहीच लागलं नाही, पाण्यात बोट फिरवल्यासारखं. कमान मिटली. दांडा त्यांनी दोन मिनिटांत उजवीकडून डावीकडे लावून दाखवला. चकती सैल करून मी दोरा ओढला, आधी हळू, मग एकदम. तो सुटत राहिला, अप्पा. तुम्ही न बघता त्या रिळाचं वर्णन लिहिलं होतंत.

मी ते खाली ठेवलं आणि विचारलं की आपल्या देशात बनलेलं नाही का. त्यांनी मागच्या फळीवरून एक काढून दिलं, धूळ पुसून. कुठल्याशा छोट्या कारखान्यातलं, किंमत साधारण तीच. त्याचा दांडा जरा खरखरला. ब्रेकची चकती सैल करून दोरा ओढला तर तो अडकला आणि मग सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा अडकला. मी म्हणाले, हेच द्या. म्हाताऱ्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं आणि सांगितलं की तुमच्या अप्पांना हे नको आहे. त्यावर मी त्यांना जे सुनावलं ते भाषणच होतं. आपल्या माणसांनी बनवलेलं आपण घेतलं नाही तर ते सुधारणार कसं, आणि तुमच्यासारखे व्यापारीच आधी दारं उघडतात, वगैरे. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. मग खोक्याला सुतळी बांधता बांधता म्हणाले, "अम्मा, मी रीळ विकतो. देश विकत नाही." त्या वेळी मला ते उत्तर उद्धट वाटलं होतं.

तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून खोकं उघडता आहात. आई चुलीवरची कढई उतरवून बघायला वाकली आहे. तुम्ही दांडा फिरवता, कमान मिटवता, आणि मग ब्रेक सैल करून दोरा ओढता. तो अडकतो. तुम्ही वर बघता. "मधलं नव्हतं का ग?" मी म्हणते, नव्हतं, संपलं होतं. एवढं सोपं. तुम्ही मान हलवता. "नवं आहे, मोकळं होईल. तू बघून आणलंस, बेस." त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही आईच्या शिवणयंत्राची तेलाची बाटली घेऊन त्या रिळाशी बसलात. आतल्या चकत्या काढल्या, घासल्या, पुन्हा बसवल्या. दाराच्या कडीला दोरा बांधून ओढून पाहिलात. हळूहळू ते अडकणं इतकं कमी झालं की हाताला लागेना. तुम्ही खूश होतात. आईला म्हणालात की लेकीने आणलेलं आहे, सुधारलं.

मग एका रविवारी मी तुमच्याबरोबर खाडीवर आले होते, अभ्यासाचं एक पुस्तक घेऊन. सकाळचे नऊ असतील. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात, लुंगी वर खोचून, आणि तुमच्या बाजूला तो ओळखीचा कोळी, जो तुम्हाला भरतीच्या वेळा सांगायचा. मी पुस्तकातून मान वर केली ती त्याच्या हाकेने. पाण्यातून एक रुंद, चांदीसारखी कूस वर आली आणि आडवी आपटली. त्या खाडीत त्याने एवढी कोडुवा त्या वर्षी पाहिली नव्हती, असं तो मागाहून म्हणाला. काठी वाकली. रिळाने एक क्षण दोरा सोडला नाही. फक्त एक क्षण. मग सुतळी तुटावी तसा आवाज आला, काठी सरळ झाली आणि दोरा पाण्यावर सैल पडून राहिला.

कोळ्याने रीळ तुमच्या हातातून घेतलं, दोरा ओढून बघितला आणि म्हणाला, ऐया, हे जोरात ओढलं की धरतं. तुम्ही ते त्याच्याकडून परत घेतलंत. "नाही रे. माझ्या लेकीने सगळं तपासून आणलंय. हात गेले माझे. सोडायच्या वेळी सोडलं नाही." तुम्ही हे तमिळमध्ये बोललात, पण माझ्याकडे बघत बोललात, मी दुजोरा द्यावा म्हणून. माझ्यासमोर चारशे माणसं बसली तरी मला शब्द शोधावा लागत नाही. त्या वेळी मी पुस्तकात खुणेचा कागद घातला आणि म्हणाले की बस चुकेल.

त्यानंतर तुम्ही खाडीवर गेला नाहीत. कालव्यावरही नाही. काठी रिळासकट त्या कोळ्याला देऊन टाकलीत. आई विचारायची तर हात पुढे करून दाखवायचात, बघ, थरथरतात. ते थरथरत नव्हते. तुम्ही सुपारी कातरायचात ती तांदळाच्या दाण्याएवढी, शेवटच्या वर्षापर्यंत. पण तुम्ही ठरवलं होतं, आणि तुम्ही ठरवलंत कारण तुम्हाला माझ्या तपासण्यावर स्वतःच्या हातांपेक्षा जास्त भरवसा होता. पुढची सात वर्षं तुम्ही ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचलंत. माझं नाव आलं की बोट ठेवून आईला दाखवायचात.

इतकी वर्षं मी स्वतःला या गोष्टीचा एक हिशोबी अर्थ सांगत आले. तत्त्वासाठी माणसाला जवळच्याचंही काही तोडावं लागतं, आणि मी ते तोडलं. खोटं बोलले ते चूक, पण निवड चूक नव्हती. हा अर्थ मला पुष्कळ दिवस पुरला. मोठ्या गोष्टींच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या माणसांना असे अर्थ सहज सापडतात. तो आता पुरत नाही, कारण तो खरा नाही.

त्या दुकानात मी एकटी नव्हते, अप्पा. आमच्या संघटनेचे सचिव बरोबर आले होते. ते दाराशी उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते आणि सगळा वेळ त्यांनी आत एकदाही पाहिलं नाही. ते परदेशी रीळ माझ्या हातात होतं, पैसेही काढून झाले होते, तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. त्या आवाजाने मी ते खाली ठेवलं. ते आले नसते तर मी तेच आणलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी व्यासपीठावर जे बोलले, तेही तसंच बोलले असते.