पिंपळगाव की दार्जिलिंग

६ ऑक्टोबर ९७, सोम.
ऑफिसात एलटीसीचं, प्रवास-सवलतीचं सर्क्युलर फिरलं. चार वर्षांचा ब्लॉक डिसेंबरअखेर संपतो, तोवर गेलं नाही तर हक्क बुडाला. शेजारच्या टेबलावरच्या पद्माचं ठरलंसुद्धा. ती, तिची बहीण, चुलतबहीण आणि आमच्या सेक्शनची सरोजा, चौघी दार्जिलिंगला. "ई सल नीनु बरलेबेकु," म्हणाली. या वेळी तुला यायलाच हवं.
मागच्या ब्लॉकला रामेश्वर. त्याआधी काशी. त्याआधी काही नाही, कारण आई अंथरुणाला खिळलेली. दरवेळी अण्णांनी ठरवायचं नि मी रजेचा अर्ज टाकायचा. या वेळी मला कांचनगंगा बघायची आहे, बस. देव नको, नातेवाईक नकोत, कुणाचं श्राद्ध नको.
घरी अजून बोलले नाही.

८ ऑक्टो.
बोलले. जेवताना बोलायला नको होतं.
"दार्जिलिंगला आपलं कोण आहे?" अण्णा.
"कोणी नाही. म्हणूनच."
ताकभात संपवून हात धुताना म्हणाले, "मला एकदा पिंपळगाव बघायाला पाहिजे, सुमा. आता नाही तर कधी?"
घ्या. तीनशे वर्षांपूर्वी कोणी पिंपळगावकर फौजेबरोबर इकडे कानडी मुलखात आला म्हणे, तो परत गेलाच नाही. आजोबांनी ते गाव पाहिलं नाही, पणजोबांनी पाहिलं नाही. आडनावापुरतं उरलंय. अण्णांचा सगळा जन्म चामराजपेटेत गेला, आणि आता एकोणऐंशीव्या वर्षी गाव आठवलं.
एक रजा, एक सवलत. दोन्हीकडे जाणं शक्य नाही.

९ ऑक्टो.
डॉक्टरांकडे. अण्णांच्या हृदयाच्या व्हॉल्व्हचं दुखणं आहे तसंच, किंचित जास्त. ऑपरेशनचं वय गेलं. प्रवासाचं विचारलं. "रेल्वेने, खालचा बर्थ, एकदाच. आणि उंचावर अजिबात नाही," म्हणाले. जायचं तर लवकर जा, हे मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं.
म्हणजे अण्णांचं दार्जिलिंगला येणं संपलं. तसं मी त्यांना विचारलं कुठे होतं.

११ ऑक्टो., दसरा
वरची मुग्धा सोनं द्यायला खाली आली. नवी भाडेकरू, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये आहे. नवरा सारखा दौऱ्यावर. अण्णांनी तिला खुर्ची दिली नि हळूच विषय काढला. आमचं पिंपळगाव पुण्याहून किती लांब?
"कुठलं पिंपळगाव, काका?" ती हसली. "नाशिककडे आहे, नगरकडे आहे, मराठवाड्यात तर किती असतील. बेसिकली पिंपळ दिसला की पिंपळगाव."
अण्णांचा चेहरा बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा झाला. दुसरं पिंपळगाव असू शकतं हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं. माझ्याही नाही, खोटं कशाला लिहू. इथे आम्ही एकटेच पिंपळगावकर, तेव्हा गावही एकच, असं धरून पिढ्यान्‌पिढ्या चाललं.
जाताना मला म्हणाली, "काकांचं मराठी कसलं क्यूट आहे!" क्यूट. दार जरा जोरातच लावलं.

१५ ऑक्टो.
पद्मा तिकिटांचं विचारते आहे. थांब म्हटलं.
अण्णा शाळेचा जुना नकाशा पसरून भिंग घेऊन बसतात. त्यात पुणे कसंबसं दिसतं, पिंपळगाव कुठून सापडणार. आज मी वैतागले. म्हटलं, कुठल्यातरी एका पिंपळगावला जाऊ, पारावर बसू, परत येऊ. तुमचं समाधान झालं म्हणजे झालं.
"कुठल्यातरी नाही," म्हणाले. भिंग पुसत बसले.

१९ ऑक्टो., रवि.
आज त्यांनी माळ्यावरून नारळ काढायला लावला. आमच्यात लग्नकार्यात गावच्या देवीच्या नावाचा नारळ लाल फडक्यात बांधून वेगळा ठेवतात. देवीपर्यंत कोणी नेत नाही. पुढचं कार्य निघालं की जुना इथल्याच देवळात देऊन टाकायचा आणि नवा बांधायचा. हा प्रकाशच्या लग्नातला. माझा भाऊ लग्नानंतर अमेरिकेला गेला, आणि त्यानंतर या घरात कार्य झालं नाही. का झालं नाही ते लिहायला आज बळ नाही.
अण्णांनी कानाशी धरून हलवला. आत गोटा खुळखुळला. "हा मी स्वतः नेऊन देणार." आवाजात इतकी आशा होती की माझ्याच्याने तिथे उभं राहवेना.

२२ ऑक्टो.
हरले. पद्माला सांगितलं, मी येत नाही, अण्णांना गावाला नेते. तिने डब्यातली पालकाची भाजी माझ्या ताटलीत वाढली.
नंतर ऑफिसच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडले. शेहेचाळीस वर्षांची बाई एका डोंगरासाठी रडते. राग अण्णांचा नाही.
आहे. अण्णांचाच आहे.
घरी आले तर विचारलं, "डोळे का लाल?" कांदा चिरला म्हटलं. ऑफिसातून येताना कुठला कांदा.

३० ऑक्टो., लक्ष्मीपूजन
दोघांपुरती दिवाळी. मुग्धा पुण्याला गेली. तिच्या वडिलांची कुणाशी तरी ओळख आहे, ते चौकशी करणार आहेत. अण्णा रोज विचारतात, ती कधी येते.

३ नोव्हें., सोम.
मुग्धा आली. मन लावून चौकशी केली होती, माझा तिच्यावरचा राग बराच उतरला. कागदावर गावं लिहून आणली, कुठलं कोणत्या तालुक्यात, कुठे स्टेशन जवळ. शेवटी म्हणाली, "आणि एक होतं, ते धरणात गेलं. लोक कुठे कुठे पांगले."
अण्णा ताठ बसले. "तेच आपलं."
"कशावरून, काका?"
"तेच."
ती माझ्याकडे बघायला लागली.
ती वर गेल्यावर म्हणाले, "सरी, बरं. विषय मिटला. पाण्याखाली काय बघायाचं? तू तुझ्या मैत्रिणीला सांग, येते म्हणून."
उड्या मारायला हव्या होत्या मी. नुसती वाटाण्याच्या शेंगा सोलत बसले.

५ नोव्हें.
दोन दिवस हेच डोक्यात. अण्णा भ्यायले का? की त्या दिवशी माझे डोळे बघून सगळं कळलं, आणि आता मला मोकळं करताहेत? भ्यायले असतील तर त्यांना हाताला धरून न्यायला हवं. मोकळं करत असतील तर मी जायला हवं, नाहीतर त्यांचं सोडणं वाया जाईल.
सरळ विचारलं. "अण्णा, तिथे जायची भीती वाटते का?"
त्यांनी नकाशाची घडी घातली. मग, "इथे सगळे विचारतात, तुम्ही कुठले. मी आयुष्यभर पिंपळगावचे म्हणून सांगितलं. तिथे जाऊन त्यांनीच विचारलं, तुम्ही कुठले, तर?"
दुसऱ्या प्रश्नाचं, मला मोकळं करताहेत का याचं उत्तर त्यांनी दिलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मी तो विचारलाच नव्हता.

९ नोव्हें., रवि.
नारळाचं काय? अण्णा म्हणाले, देवीच पाण्यात आहे, पाण्यात सोडू. पाणी सगळं एकच. रिक्षाने इथल्याच लालबागेतल्या तळ्यावर गेलो. तेवढ्या चालण्यानेही त्यांना धाप लागली, दोनदा बाकावर बसवलं.
सोडला. सुकलेला नारळ, बुडेल कसा. तरंगत राहिला आणि वाऱ्याने हळूहळू काठाकडे आला. मी काठीने लोटला, परत आला. वॉचमन ओरडला, "इल्लि एनू हाकबार्दु." इथे काही टाकायचं नाही. अण्णा त्याला हात जोडून "स्वल्प थांबा" म्हणत राहिले.
रिक्षात विचारलं, "गेला ना?" त्यांना आता नीट दिसत नाही.
गेला म्हटलं.

१२ नोव्हें.
पद्माच्या चुलतबहिणीचं रद्द झालं, एक जागा आहे. शुक्रवारी तिकिटं काढायची. शेजारच्या अक्का झोपायला येतील, जेवणाचंही बघतील. मुग्धा ऑफिसातून फोन करत राहीन म्हणते. सगळं जमतंय. एवढं सगळं जमतंय याचीच भीती वाटते.
डॉक्टरांना विचारलं, बारा दिवस ठेवून जाऊ का? "जाऊ नका असं मी म्हणणार नाही," म्हणाले. जा असंही म्हणाले नाहीत. बाहेर पडताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. या डॉक्टरांनी असं कधी केलेलं नाही.
मी तिकडे पहाटे उठून बर्फ उजळताना बघत असेन, आणि इथे अक्का दार ठोठावत असतील. हे चित्र जात नाही.
न जाऊन तरी काय होणार आहे? काही थांबणार आहे का?

१४ नोव्हें., शुक्र.
सकाळी स्वयंपाकघरात भांडी वाजली म्हणून उठले. अण्णांनी कॉफी केली होती. आई असेपर्यंत आईने, नंतर मी, या माणसाने जन्मात कधी गॅस पेटवलेला नाही. दूध ओट्यावरून खाली ओघळलेलं, कॉफीची पूड सगळीकडे.
कॉफीचा लोटा माझ्या हातात दिला. "बघ, मला जमतं. तू खुशाल जा."
दुसऱ्या हाताने ओट्याची कड धरली होती. बोटं पांढरी पडली होती.
कॉफी पाणचट आणि कोमट. सगळी प्याले, छान झाली म्हटलं. ते खूश झाले. बसा म्हटलं तर बसेनात, बसताना त्यांना किती त्रास होतो ते मला दिसलं असतं. मी आंघोळीला जाईपर्यंत तसेच उभे राहिले.
मोरीचं दार लावलं तेव्हा खुर्ची ओढल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काही नाही. नळ बंद करून ऐकत राहिले, मग ते खोकले.
पद्मा अकराला रिझर्वेशन ऑफिसच्या दाराशी थांबणार आहे. चप्पल घालून बसले आहे.