बॉम्ब शेल्टरमधली पोकर रूम

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज नुसत्या टेक्सास होल्डमला रामराम ठोकला. निर्णय पूर्णपणे माझा.

दर शुक्रवारी आमच्या घरच्या पोकरमध्ये मीच पहिला बाहेर पडतो, याचा अर्थ मी वाईट खेळतो असा नाही. होल्डममध्ये हातात पत्तेच दोन. तिथे नशिबाला वाव, डोक्याला नाही. माझ्यासारख्याची कुचंबणा होते.

यापुढे मिक्स्ड गेम. दर अर्ध्या तासाने खेळ बदलायचा. होल्डम, मग रॅझ, मग ओमाहा हाय-लो. रॅझमध्ये सगळ्यात लहान पत्त्यांचा, म्हणजे फडतूस हात जिंकतो. ओमाहा हाय-लोमध्ये पॉट, म्हणजे डावात जमलेल्या चिप्स, वाटला जातो: अर्धा सगळ्यात मोठ्या हाताला, अर्धा सगळ्यात लहान हाताला. दोन्ही अर्धे एकट्याने मारले तर त्याला स्कूप म्हणतात. मी चांगी बिझनेस पार्कात दिवसभर बसून बँकेच्या दोन्ही बाजू टॅली करतो. हा खेळ माझ्यासाठीच काढलाय कोणीतरी.

सुबोध, त्याची बायको स्मिता आणि अश्विन, तिघांनाही जाहीर केलं. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. भारावले असावेत. मग अश्विनने विचारलं की चकली अजून आहे का.

७ सप्टेंबर, रविवार

मोठा दिवस. पोकर रूमची जागा ठरली.

इथल्या बहुतेक नव्या फ्लॅट्ससारखं आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्येही बॉम्ब शेल्टर आहे. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकी नाही. युद्ध झालं तर आपण लपायचं. तोपर्यंत त्यात झाडू, सूटकेसेस आणि जुना पंखा लपलेत. टेप घेऊन मोजलं. आमचं पोकरचं गोल टेबल बरोब्बर बसतं. खुर्च्या बसत नाहीत. खुर्च्यांचं नंतर बघू.

अडचण एकच, माझी बायको निशिगंधा. जानेवारीत बँकेतली नोकरी सोडून ती घरून फराळ करून विकते. मी त्याला छंद म्हणतो, म्हणजे तिच्यावर दडपण येत नाही. दिवाळीच्या ऑर्डर्स सुरू झाल्यात. भाजणीचे डबे श्रियाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली, पोहे माझ्या पलंगाखाली, तुपाचे डबे बाथरूमच्या वाटेत. तिला शेल्टरमध्ये रॅक लावायचेत. म्हणाली, अर्धं अर्धं घेऊ या, डावीकडे माझे रॅक, उजवीकडे तुझं एक छोटं टेबल.

मी साफ नाही म्हणालो. अर्ध्यावर समाधान मानणारा माणूस काय मिक्स्ड गेम खेळणार? सांगितलं, टुर्नामेंट ठेवतो. जिंकलो तर अख्खं शेल्टर माझं, हरलो तर अख्खं तुझं. तिने पीठ चाळता चाळता विचारलं, नक्की ना? मी म्हणालो, नक्की. तिने श्रियाला साक्षीला बोलावलं. श्रिया म्हणाली, बाबा, डोन्ट लाह, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, नको ना.

दहा वर्षांच्या मुलीचा बापावर एवढाही विश्वास नसावा?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली मिक्स्ड संध्याकाळ. दणक्यात झाली.

सगळ्यात जास्त पॉट मी जिंकलो. त्यातले बरेचसे अर्धे, काही पाव. पाव कसा, तर माझा आणि सुबोधचा लो हात सारखाच निघाला की त्या अर्ध्याचेही दोन भाग होतात. जिंकूनही समोरच्या चिप्स कमी होत जातात, हेच तर या खेळाचं सौंदर्य. पहिला बाहेर मीच पडलो, पण पूर्वीपेक्षा कितीतरी समाधानाने.

गडबड एकच. मला फुल हाउस, म्हणजे तीन सारखे आणि दोन सारखे असा मोठा हात लागला, मी उठून टेबलावर हात आपटला, आणि तेव्हा खेळ बदलून रॅझ सुरू झाला होता. यात माझी काही चूक नाही. खेळ बदलायची घंटा ओव्हनच्या टायमरची, आणि ओव्हनमध्ये नानकटाई. घंटा खेळाची की नानकटाईची, माणसाने ओळखायचं कसं? अश्विन हसून हसून खुर्चीवरून घसरला. तरुण पोरगा, पुण्याहून नवीन आलाय, समज यायला वेळ लागेल.

१३ सप्टेंबर, शनिवार

संकल्प: पहाटे पाचला उठून अभ्यास. गोड बंद. खेळताना चेहरा निर्विकार. टेबलावरचे पत्ते दोनदा बघायचे.

१४ सप्टेंबर, रविवार

नऊला उठलो. रविवार धरायचा नाही असं ठरवलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

निशिगंधाला दोनशे लाडू वळायचे होते, म्हणून आज घरी जमायचं नाही असा हुकूम निघाला. बरंच झालं. खेळ अश्विनकडे, आंग मो किओला हलवला. मी जाताना सुपरमार्केटमधून बटाट्याचे वेफर्स घेतले, मोठं पाकीट.

कसलं काय! सुबोधची पाठ धरली. स्मिताला उद्या सकाळी मीटिंग आठवली. शनिवारी. खुद्द अश्विनला झोप यायला लागली. साडेआठला मी वेफर्सचं उरलेलं पाकीट घेऊन बसस्टॉपवर.

निष्कर्ष: अश्विनच्या घरातली हवा पोकरला पोषक नाही. सिरियस खेळाडूंना माझ्याच टेबलाची ओढ आहे. घरी येऊन निशिगंधाला हे सांगितलं तर ती लाडू वळताना थांबली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो रे, टेबलाचीच.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसमधून निघून ट्रॉफी आणली. नाव लगेच कोरून घेतलं तर आजच मिळत होती, नाहीतर पुन्हा खेप. म्हणून कोरून घेतलं: उल्हास, मिक्स्ड गेम चॅम्पियन. याला नियोजन म्हणतात.

एक नवा नियमही केला. ओमाहा हाय-लोमध्ये पत्ते उघडण्याआधी सगळ्यांनी टेबलाखाली मूठ वळायची आणि एकदम वर आणून उघडायची. मूठ रिकामी असेल तर मी लो खेळतोय. एक चिप असेल तर हाय. दोन चिप्स म्हणजे दोन्ही. आणि दोन्ही म्हणून एका बाजूला जरी हरलात तरी सगळं गेलं. भित्र्या लोकांना यामुळे चाप बसेल.

२८ सप्टेंबर, रविवार

श्रियाबरोबर सराव. दर डावाला ती एकच बाजू धरते आणि अर्धा पॉट ओढून घेते. मी दर वेळी दोन चिप्स दाखवतो. शेवटी माझ्याकडे दाखवायला दोन चिप्सही उरल्या नाहीत. तिला म्हटलं, बाळा, मोठी स्वप्नं बघावीत. ती म्हणाली, बाबा, हाफ ऑल्सो कॅन. म्हणजे अर्धंही चालतं.

ही इथल्या शाळांची शिकवण.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

ऑफिसला सुट्टी टाकली. सकाळी शस्त्रपूजा. निशिगंधाने पाटावर चकलीचा सोऱ्या ठेवला, त्याला हळदकुंकू, फूल. मी शेजारी पत्त्यांचा जोड ठेवला. तिने पत्त्यांनाही कुंकू लावलं. मला एकदम भरून आलं. बाई मनाने चांगली आहे. जिंकल्यावर तिला शेल्टरमध्ये झाडू ठेवू द्यायचा असं ठरवलं.

कुंकवामुळे बदामची राणी आता पाठीकडूनही ओळखू येते. याचा फायदा घ्यायचा नाही. शक्यतो.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी ३

टुर्नामेंट! आमंत्रणं पुष्कळांना पाठवली होती. आलो चौघं, मला धरून. दर्जा टिकवायचा तर गर्दी नकोच. आठ वाजता निशिगंधाची गिऱ्हाइकं फराळ न्यायला येणार, म्हणून आठच्या ठोक्याला ज्याच्याकडे जास्त चिप्स तो चॅम्पियन. ट्रॉफी टीव्हीवर ठेवलीय, नाव भिंतीकडे करून.

संध्याकाळी ५

सुबोध बाहेर. पराभव पचवायला स्वयंपाकघरात गेला. साबुदाणा वडे पचवतोय.

संध्याकाळी ६.३०

अश्विनही बाहेर. तोही स्वयंपाकघरात. दोघं शेव मोडून पिशव्या भरतायत आणि हसतायत. हरलेली माणसं इतकी आनंदी कशी?

उरलो मी आणि स्मिता. मी पुढे आहे! खरंच पुढे आहे. आयुष्यात पहिल्यांदा.

रात्री ९

लिहून टाकतो.

शेवटचा डाव, ओमाहा हाय-लो. माझ्या चिप्स स्मितापेक्षा थोड्या जास्त. हातातल्या चार पत्त्यांपैकी दोन वापरायचे असतात. माझे दोन म्हणजे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची दुर्री. टेबलावर तिर्री, चव्वी, सत्ती, सत्ती, गुलाम, त्यातले तीन इस्पिक. लो माझाच होता. त्याहून लहान हात तिथे होणंच शक्य नव्हतं. रिकामी मूठ दाखवली असती तर अर्धा पॉट, आघाडी कायम, आठ वाजता चॅम्पियन, अख्खं शेल्टर. हे मला तेव्हाही कळत होतं.

पण फ्लशही होता ना, पाचही पत्ते इस्पिक, एक्क्यासकट! म्हटलं, शेल्टर अर्धं घेतलं नाही, मग पॉट अर्धा कशाला? श्रिया माझ्या मागे उभी होती. तिने माझ्या शर्टाची बाही हळूच ओढली. मी मूठ वळली. दोन चिप्स.

स्मिताच्या मुठीत एक. तिच्याकडे सत्ती आणि तिर्री. टेबलावरच्या दोन सत्त्या आणि तिर्री धरून फुल हाउस, फ्लशहून मोठं. दोन सत्त्या तासभर असल्यासारख्या माझ्यासमोर पडल्या होत्या. मला दिसल्या नाहीत.

निशिगंधा हात पुसत बाहेर आली, कोण जिंकलं म्हणून विचारलं. कोणी काही बोलायच्या आत बेल वाजली. गिऱ्हाइकं दारात. रांग लिफ्टपर्यंत.

फार वाईट वाटलं. इथे खोटं कशाला लिहू.

स्मिता ट्रॉफी घेऊन गेली. म्हणजे माझं नाव आता त्यांच्या हॉलमध्ये असेल. तसं बघितलं तर अर्धा विजय.

५ ऑक्टोबर, रविवार

रॅक आले. निशिगंधा आणि मी मिळून लावले. उजव्या बाजूलाही. गोल टेबलाला जागाच उरली नाही, म्हणून ते इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकजवळ, जुन्या सामानाच्या जागी नेऊन ठेवलं. संध्याकाळी बघितलं तर कोणीतरी नेलंही. त्याला खुर्च्यांची अडचण नसावी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शुक्रवार म्हणून सगळे आले. मनातून बरं वाटलं. डाव गेला, मित्र आहेत. पत्ते पिसून तयार ठेवले, डायनिंग टेबल पुसून घेतलं. सुबोधने चिवड्याची पिशवी घेतली, अश्विनने चकली, आणखी दोन किलोची ऑर्डर त्याच्या ऑफिससाठी. उभ्याउभ्याच निघाले. स्मिताने ट्रॉफी परत दिली. म्हणाली, नाव तुझं आहे, तूच ठेव. तिने काही टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं.

निशिगंधाने ट्रॉफी धुऊन पुसून भाजणीच्या डब्यात टाकली. माप म्हणून चांगली आहे म्हणे.

मग शेल्टरमध्ये बसून दोघांनी डबे लावले. थंडगार जागा आहे, शांत. इथे टेबल किती शोभलं असतं! सहज, अगदी सहज विचारलं की ती अर्ध्याची ऑफर अजून आहे का. उजवीकडचा खालचा एक कप्पा जरी मिळाला तरी चालेल.

तिने मूठ पुढे केली. मी पुढे सरकलो.

मूठ उघडली. आत लेबलांची गुंडाळी. भाजणीची चकली, अर्धा किलो. म्हणाली, सरळ लाव हं, मागच्या खेपेची सगळी वाकडी होती.

लावतोय. पहिलं वाकडंच लागलं.