एल्कच्या परवान्याबद्दल

बाबा, तुम्हाला हे आवडणार नाही, म्हणून आडवळणं न घेता आधीच सांगून टाकते. मला शिकारीचा परवाना मिळालाय. अमेरिकेतल्या एका डोंगराळ राज्यात एल्क नावाचं हरीण असतं, आपल्या सांबरासारखंच पण त्याहून थोराड, त्याच्या एका मादीचा. शिंगांचा नर नाही, त्यामुळे भिंतीवर लावायला काही मिळणार नाही. जंगलखात्यातली तुमची सगळी नोकरी शिकारी पकडण्यात गेली. रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात जुन्या राजेसाहेबांचा मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो होता, तो तुम्ही बदली होऊन आल्याच्या पहिल्याच आठवड्यात उतरवून कोठीत टाकला होता. त्या माणसाची मुलगी आइंडहोवन या डच शहरातल्या घरात बसून, परदेशातल्या सरकारकडे, एक जनावर मारायची परवानगी द्या म्हणून दरवर्षी अर्ज करत होती. का, ते सांगते.

मेळघाटातला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मला उन्हाळ्याची सुट्टी होती आणि तुम्ही मला जीपमधून नाल्यापर्यंत नेलं होतं. गार्डने सांगितलं होतं, सांबर फासात अडकलंय. आपण पोचलो तेव्हा ती मादी कुशीवर पडलेली होती. तारेचा फास मागच्या पायात रुतलेला, आणि सुटायच्या धडपडीत ती खडकावरून खाली येऊन तिची कंबर मोडलेली. पुढचे पाय चालतायत, मागचे नाहीत. तुम्ही फास कापता, गोणपाट ओलं करून तिच्या अंगावर टाकता, वायरलेसवर साहेबांशी बोलायचा प्रयत्न करता. साहेब दौऱ्यावर आहेत. साहेबांचे साहेब नागपूरला आहेत आणि लेखी आल्याशिवाय काही करू नका असा निरोप येतो. मी तुम्हाला विचारते, "बाबा, जीपमध्ये बंदूक आहे ना?" तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "बंदूक आहे. अधिकार नाही." मी पुन्हा काहीतरी म्हणाले, बहुतेक तुम्ही घाबरता असं, आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात. इतक्या मोठ्याने त्याआधी कधी ओरडला नव्हतात. "काय करून राहिली तू इथं? जा, गाडीत बस!" मी गाडीत बसून काचेतून बघत राहिले. तुम्ही दुपारभर तिच्या डोक्याशी उकिडवे बसला होतात, माश्या वारत. ऊन उतरल्यावर ती आपोआप गेली. परवानगी आलीच नाही. घरी आईने पिठलं-भाकरी वाढली, तुम्ही मोरीत हात धूत उभे राहिलात, आणि मग ताटावर न बसताच खाट बाहेर काढून आडवे झालात. त्या दिवसाबद्दल आपण पुढे कधी बोललो नाही. दहावी झाल्यावर माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली आणि तुम्ही मला खात्यातल्यासारखे खाकी कॅनव्हासचे बूट आणलेत, तेव्हा मला वाटलं होतं आता काहीतरी बोलाल. तुम्ही फक्त पाचोळ्यावर आवाज न करता पाऊल कसं टाकायचं ते दाखवलंत.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तुमच्या जावयांबरोबर इकडे आले. नोकरी लागली, गाडी आली. एका नोव्हेंबरात शेजारच्या ब्रेडा शहराहून घरी येत होते. दिवस इथं दुपारपासूनच कलायला लागतो. दोन्ही बाजूंना झाडं असलेल्या रस्त्यावर एक हरीण माझ्या गाडीला धडकलं. छोटंसं असतं ते, आपल्या भेकराएवढं. मी उतरले तर ते चरात पडलेलं, पुढच्या पायांवर उठायला बघतंय आणि मागचा भाग उचलत नाही. बाबा, मला एकदम तो नाला दिसला. मी पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, थांबा, माणूस पाठवतो. थोड्या वेळाने जुन्या व्हॅनमधून एक बाई आली, सत्तरीला टेकलेली, उंच, चिखलाच्या बुटांतली. तिची फुलझाडांची नर्सरी आहे, आणि रस्त्यावर जनावर जखमी झालं की पोलीस तिला बोलावतात, तसं तिच्याकडे रीतसर अधिकारपत्र आहे, हे मला नंतर कळलं. तिने हरणाकडे पाहिलं, व्हॅनमधून रायफल काढली आणि माझ्या हातात टॉर्च दिला. मी हुंदके देत होते. ती म्हणाली, "रडतेस ते ठीक आहे, पण उजेड हलवू नकोस." एक आवाज झाला आणि सगळं शांत झालं. तिने गुडघ्यावर बसून त्याच्या डोळ्याला बोट लावून खात्री केली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरेच लोक निघून जातात. तू थांबलीस." मी तिला म्हटलं, माझे वडील जंगलखात्यात होते. ती म्हणाली, "मग त्यांनी असं खूप वेळा केलं असेल." मी नाही म्हणून मान हलवली आणि टॉर्च तिला परत दिला.

पुढच्या वर्षी मी शिकारीच्या शिक्षणाला नाव घातलं. इथं तो गंमतीचा मामला नाही. पक्षी, प्राणी, पिकं, कायदा, सगळ्याची परीक्षा, मग नेमबाजी, मग रानात प्रत्यक्ष. वर्गात मी एकटीच काळ्या केसांची, आणि पहिल्या खेपेला रानातल्या परीक्षेत नापास झाले, कारण कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करायची राहिली. दुसऱ्या खेपेला पास झाले. पोलीस घरी येऊन बंदुकीची तिजोरी भिंतीला पक्की आहे का ते हलवून बघून गेले. त्यातल्या एकाने तुमच्या जावयांना विचारलं, "तुम्हाला हे मान्य आहे का?" ते म्हणाले, "मी वरणभातवाला माणूस आहे, मला कशाला विचारता? तिला विचारा." गेली काही वर्षं मी त्या नर्सरीवाल्या बाईबरोबर जाते. ती मला जनावराचं वय चालण्यावरून ओळखायला शिकवते. पण इथं सगळं पाहुणी म्हणून. जमीन कुणाची तरी असते, शिकारीचा हक्क त्याचा, त्याने बोलावलं तर जायचं, तो म्हणेल त्या मचाणावर बसायचं आणि तो दाखवेल तेच जनावर मारायचं. मला ते राजेसाहेबांच्या बोलावण्यासारखं वाटायचं. तिलाच एकदा तसं म्हटलं, तेव्हा तिने मला अमेरिकेतल्या त्या राज्याचं सांगितलं. तिथं मैलोन् मैल सरकारी जंगल आहे, त्यात कुणीही पायी हिंडावं, आणि हरणं सगळ्या जनतेची. किती मारायची ते खातं ठरवतं, जास्त परवाने राज्यातल्या लोकांना, थोडे बाहेरच्यांना, आणि सोडत काढतात. "बाहेरचे म्हणजे शेजारच्या राज्यातले," मी म्हटलं. "बाहेरचे म्हणजे बाहेरचे," ती म्हणाली, "तू आणि मीसुद्धा."

आम्ही दोघींनी मिळून अर्ज केला. बाबा, तुम्ही खिडकीच्या आत बसायचात. बांबूचा पास, चराईचा पास, एका सहीसाठी लोकांना परत पाठवायचात आणि तुम्हाला त्यात कधी स्वतःचा दोष वाटला नाही. मी खिडकीच्या बाहेर उभी होते. माझं इथलं प्रमाणपत्र त्यांना चालेना. अर्जात राज्य निवडायच्या जागी फक्त अमेरिकेतलीच राज्यं. शेवटी फोन केला. पलीकडची बाई अगदी गोड आवाजाची. तिने विचारलं, "मॅडम, तुम्ही कुठल्या राज्याच्या रहिवासी?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "महाराष्ट्र." ती म्हणाली, "ते पूर्वेकडे आलं का?" मी म्हटलं, "खूपच पूर्वेकडे." मग दोघीही हसलो, आणि तिने समजावून सांगितलं की त्यांचा अभ्यासक्रम पुन्हा करावा लागेल, सगळा. म्हणजे जे मी डचमध्ये घोकलं होतं ते परत इंग्रजीत. केलं. त्या वर्षी सोडतीत नाव आलं नाही. नाही आलं की एक गुण जमा होतो, पुढच्या वेळी तेवढी शक्यता वाढते. दुसऱ्या वर्षीही आलं नाही. यंदा अर्जाच्या वेळी नर्सरीवाल्या बाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ती म्हणाली, "माझं नाव काढ. मी गुण जमवत बसले तर माझा नंबर स्वर्गात लागेल." मी म्हटलं, तुझ्याशिवाय मी नाही जाणार. ती चिडली. "मी तुला सोबत म्हणून शिकवलं नाही. एकटी अर्ज कर." केला. जागेसाठीचे पर्याय भरताना मी मुद्दाम सगळ्यात दूरचा, गाडी न पोचणारा भाग पहिला टाकला, कारण तिथं अर्ज कमी येतात आणि पायी चालायची तयारी माझी आहे.

निकाल ऑफिसात असताना आला. मी आईला फोन केला. तिला आधी कळेचना, मग कळलं. "तुझ्या बाबांनी जन्मभर शिकारी धरले," ती म्हणाली. मी म्हटलं, "आई, ते चोरून मारायचे. मी परवाना काढून जातेय. त्या पैशातनं तिथलं जंगल राखतात." "मरणाऱ्याला काय गं फरक पडतो, परवाना असला काय न् नसला काय?"  मी एवढंच म्हणाले की मरताना किती वेळ लागतो याचा फरक त्याला पडतो, आणि तेवढं माझ्या हातात आहे, त्यासाठी मी इतकी वर्षं दर शनिवारी निशाणं लावत आलेय. नेम पक्का वाटला नाही तर गोळी झाडणार नाही, परवाना तसाच परत आणीन. तिने फोन ठेवला. दोन दिवसांनी तिचाच आला. "आणि त्या मांसाचं काय करणार?" मी सांगितलं, तिथं असेन तोवर मी खाणार, घरी आणता येत नाही म्हणून बाकीचं तिथल्या लोकांना वाटणार, काही टाकणार नाही. "हळद-मीठ लावून ठेव आधी तासभर," आई म्हणाली. "नाहीतर उग्र लागतं." तिला हे कसं माहीत, हे मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

व्हिसाही झाला. अॅमस्टरडॅमला मुलाखतीत साहेबाने प्रवासाचं कारण विचारलं, मी एल्क म्हटलं, त्याने मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि शुभेच्छा दिल्या. तिथला वाटाड्या ठरलाय, रायफल त्याची. महिनाभर मी पाठीवर वजन घेऊन पायऱ्या चढते आहे, कारण आइंडहोवनला चढ म्हणून दुसरं काहीच नाही. शनिवारी निघते. सुरुवातीला वाटायचं, तुमची परवानगी मिळाली असती तर बरं झालं असतं. आता तसं वाटत नाही. तुम्ही नाही म्हणाला असता आणि मी तरीही गेले असते. बोलणं आठ-पंधरा दिवस बंद झालं असतं, मग तुम्हीच विचारलं असतं, वारा कुठल्या बाजूने होता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईच्या हाती लागू नये म्हणून नागपूरच्या घरीही ठेवणार नाही. पण एक गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही, तिला नाही, जावयांना नाही, त्या बाईला तर नाहीच. मी सगळ्यांना नाल्यातलं सांबर आणि रस्त्यावरचं हरीण सांगते, वेदना सांगते, जबाबदारी सांगते. ते सगळं खरं आहे. पण पहाटे दवात पाय भिजलेले असतात, समोरच्या झाडीत काहीतरी हललेलं असतं, आणि माझा श्वास आपोआप बारीक होतो, त्या वेळी मला यातलं काहीही आठवत नसतं. बाबा, मला हे आवडतं. फार आवडतं.